सुई कुठे घालायची?

तीन साखळ्या, त्याच टाक्यात एक डीसी. मग तारा, चार टाके सोडा, कंस उघडा, दोन डीसी, एक साखळी, दोन डीसी, कंस बंद, पुढच्या टाक्यात. ताऱ्यापासून पुन्हा, शेवटचे पाच टाके उरेपर्यंत. चार सोडा, शेवटच्यात दोन डीसी. क्रोशाच्या इंग्रजी पॅटर्नमध्ये असली ओळ हमखास भेटते. शिंपल्यांच्या नक्षीची ही अगदी साधी ओळ आहे. तिच्यातल्या साखळ्या आणि खांब नवशिकीलाही एखाद्या दुपारी जमतात. तरी ही ओळ वाचताना सुई थबकते. ‘त्याच’ म्हणजे कुठल्या टाक्यात? ‘पुढच्या’ म्हणजे कुठून पुढच्या? सुरुवातीच्या तीन साखळ्या हा एक खांब धरायचा की नुसती चढण? ‘पुन्हा’ म्हणजे कंसासकट, की फक्त कंसातले?

अवघड टाक्यांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्याहून जास्त चित्रित झाले आहे. त्यातला बहुतेक भाग टाका ‘कसा’ घालायचा यावर खर्ची पडतो. मला वाटते, माणूस अडतो तो बहुधा ‘कसा’पाशी अडत नाही. तो ‘कुठे’ आणि ‘हा मोजायचा का’ या दोन प्रश्नांपाशी अडतो, आणि पॅटर्न लिहिणारे नेमके तिथेच हात आखडता घेतात.

याचे मूळ क्रोशाच्या घडणीतच आहे. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके सुईवर रांगेने उभे असतात. पुढचा टाका कुठला, हे विचारावे लागत नाही. सुईच्या टोकाशी जो आहे तो. क्रोशात एका वेळी एकच लूप जिवंत असतो. बाकीचे टाके पुरे होऊन मागे पडलेले असतात आणि सुई त्यांच्यात कुठेही शिरू शकते: टाक्याच्या माथ्यावरच्या वेणीत, त्या वेणीच्या एकाच धाग्यात, दोन टाक्यांमधल्या फटीत, साखळीच्या कमानीखाली, खांबाच्या कमरेभोवती, दोन ओळी खाली. क्रोशाची फुले, कमानी, गोंडे, जाळ्या सगळ्या या मोकळिकीतून येतात. पण त्या मोकळिकीमुळेच प्रत्येक टाक्याचे ठिकाण शब्दांत सांगावे लागते. लिहिणारा दहा ठिकाणी सांगतो, अकराव्या ठिकाणी ‘हे कळेलच’ असे गृहीत धरतो.

ही सवय जुनी आहे. क्रोशाच्या छापील नमुन्यांतले सर्वांत जुने मानले जाणारे नमुने १८२३ साली ‘पेनेलोपे’ या डच नियतकालिकात आले. १८४०च्या दशकापासून इंग्लंडमध्ये क्रोशाच्या पुस्तिकांचा पूर आला. त्यात एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईंचे नाव ठळक आहे. महागड्या लेसचे नमुने क्रोशाच्या सुईने उतरवण्याच्या त्यांच्या पुस्तिका खूप खपल्या. या काळातल्या सूचनांत टाक्यांची नावे पुस्तकागणिक बदलतात, आणि एखादी ओळ सांगून झाली की पुढे ‘पूर्वीप्रमाणे’ म्हणून मोकळे होतात. त्या वाचणाऱ्या स्त्रीच्या शेजारी विणणारी दुसरी स्त्री बसलेली असे, किंवा निदान तयार तुकडा समोर असे. पुस्तक आठवणीपुरते होते.

आपल्याकडे क्रोशा आला तोही असाच, हातातून हातात. आंध्रातल्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना लेस विणायला शिकवले. त्या कामाचे पुढे एवढे मोठे घरगुती उत्पादन झाले की समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ साली त्या लेस विणणाऱ्या बायकांच्या श्रमावर पुस्तक लिहिले. अशा कामात नमुना डोळ्यांनी बघून उतरवतात. महाराष्ट्रातही मावशीच्या रुमालावरून, शेजारणीच्या तोरणावरून ‘उतरवून घेणे’ हीच रीत होती. एक साखळी एक खांब, दोन साखळ्या दोन खांब, एवढ्या बोलीवर टोपडी, झबली, ताटावरची झाकणे विणून झाली. शंका आली तर समोरची बाई बोट ठेवून दाखवत असे, ‘इथे’. इंग्रजी पॅटर्न विकत घेऊन मोबाइलवर उघडला की हे बोट नाहीसे होते. अमेरिकेत २००७ साली सुरू झालेल्या रॅव्हलरीसारख्या संकेतस्थळांमुळे जगभरचे नमुने पुण्या-नाशकातल्या घरात आले. बोट मात्र आले नाही.

आता प्रत्यक्ष अडचणींकडे येऊ. पहिली अडचण विणायच्या आधीच उभी असते. ब्रिटन आणि अमेरिका टाक्यांना तीच नावे देतात, पण एकेक पायरी सरकवून. अमेरिकन सिंगल क्रोशे, म्हणजे आपला मुका खांब, तो ब्रिटिशांचा डबल क्रोशे. अमेरिकन डबल क्रोशे, म्हणजे आपला साधा खांब, तो ब्रिटिशांचा ट्रेबल. अमेरिकन ट्रेबल तिकडे डबल ट्रेबल होतो. त्यामुळे ‘डीसी’ ही दोन अक्षरे दोन्हीकडे छापलेली असतात आणि दोन्हीकडे वेगळा टाका सांगतात. या गोंधळाची खरी खुबी अशी की चुकीच्या बाजूने वाचले तरी काम बहुतेक वेळा जमते. सगळे टाके सारखेच बुटके किंवा सारखेच उंच होतात आणि नक्षी कशीबशी उभी राहते. फक्त शाल सतरंजीसारखी घट्ट होते किंवा बाहुलीच्या अंगातला कापूस फटींतून डोकावू लागतो. चूक कळते तोवर लोकरीचे दोन गुंडे संपलेले असतात.

ओळखायची युक्ती सोपी आहे. पॅटर्नमध्ये ‘सिंगल क्रोशे’ हे शब्द कुठेही आले तर तो अमेरिकन, कारण आजच्या ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाकाच वापरात नाही. टाके सोडायला ‘स्किप’ म्हटले तर अमेरिकन, ‘मिस’ म्हटले तर ब्रिटिश. विणीच्या घट्टपणाला ‘गेज’ म्हणणारे अमेरिकन, ‘टेन्शन’ म्हणणारे ब्रिटिश. यांपैकी काहीच नसेल तर ओळीच्या सुरुवातीच्या साखळ्या बघाव्यात. तीन साखळ्या चढून पुढे डीसी असेल तर अमेरिकन; एक साखळी चढून डीसी असेल तर ब्रिटिश. उंची खोटे बोलत नाही. अमेरिकेतल्या क्राफ्ट यार्न कौन्सिलने संक्षेपांची यादी प्रमाणित केली आहे आणि पॅटर्न लिहिणारे तिचा हवाला देतात, पण ही यादी अमेरिकन नावांचीच आहे. सुयांच्या मापांचाही असाच घोळ आहे: अमेरिकन अक्षरे, जुने ब्रिटिश आकडे, पोलादी सुयांचे उलटे चढणारे आकडे. त्यावर तोडगा एकच, मिलिमीटर बघणे.

साखळ्यांचा विषय निघालाच आहे तर तिथे जरा थांबायला हवे, कारण नवशिकीचा चौकोन समलंब होऊन बसतो तो त्यांच्यामुळेच. ओळ संपवून काम उलटे केले की नव्या ओळीच्या उंचीपर्यंत चढायला साखळ्या घालाव्या लागतात. मुक्या खांबासाठी एक. ती सहसा मोजत नाहीत आणि पहिला टाका अगदी पहिल्याच घरात घालतात. खांबासाठी तीन, त्या सहसा पहिला खांब म्हणून मोजतात. म्हणजे पहिले घर त्या साखळ्यांनीच अडवलेले असते आणि ‘पुढचा टाका’ म्हणजे दुसरे घर. इथे पहिल्या घरात आणखी एक खांब घातला तर ओळ एकाने वाढते. आणि परतीच्या ओळीत शेवटी त्या तीन साखळ्यांच्या डोक्यात खांब घालायचा विसरला तर ओळ एकाने घटते. दोन्ही चुका एकाच ओळीत झाल्या तर आकडा बरोबर येतो आणि कडा मात्र तिरपी धावते, हे सर्वांत वाईट, कारण मोजूनही सापडत नाही.

अर्ध्या खांबाच्या, म्हणजे अमेरिकन हाफ डबल क्रोशेच्या, दोन साखळ्यांचे तर कोणी काही ठरवलेलेच नाही. काही लेखिका त्या मोजतात, काही मोजत नाहीत, काही एकाच पुस्तकात दोन्ही करतात. म्हणून ‘साखळ्या तीन (डीसी धरावा)’ किंवा ‘साखळी एक (टाका धरू नये)’ असे लिहिणाऱ्या लेखिकेबद्दल मला पहिल्या पानापासून आदर वाटतो. तसे लिहिलेले नसेल तर ओळीच्या शेवटी दिलेला टाक्यांचा आकडा हाच साक्षीदार. तो आकडा वाचून मागे हिशेब केला की साखळी मोजली की नाही ते कळते.

सुरुवातीच्या पायाच्या साखळीतही हाच हिशेब लपलेला असतो. ‘५च्या पटीत अधिक १, आणि वळणासाठी २’ असे वाक्य पाहून पुष्कळ जणी पान उलटतात. वर दिलेल्या शिंपल्यांच्या नक्षीला असाच पाया लागतो. ५१ टाके हवे असतील तर ५३ साखळ्या घालायच्या आणि सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब. सोडलेल्या तीन साखळ्या मिळून एक खांब झाला, उरलेल्या ५० साखळ्यांत ५० खांब, एकूण ५१. सुईवर अडकलेला लूप या मोजणीत कधीच धरत नाहीत. एवढे एक वाक्य दर पॅटर्नच्या सुरुवातीला छापले असते तर किती उसवण वाचली असती!

त्याच नक्षीचा पुढचा हिशेब बघा. चार टाके सोडले आणि एका टाक्यात शिंपला घातला, म्हणजे खालचे पाच टाके खर्च झाले. शिंपल्यात दोन खांब, एक साखळी, दोन खांब, म्हणजे वर पाच आले. जमाखर्च जुळला, कापड सपाट राहणार. ५१ टाक्यांवर नऊ पुरे शिंपले आणि दोन टोकांना अर्धे अर्धे. सुरुवातीच्या तीन साखळ्या आणि ‘त्याच टाक्यात एक डीसी’ हा तो डावा अर्धा शिंपला. शेवटच्या टाक्यातले दोन डीसी हा उजवा. हे कळले की ‘त्याच’ शब्दाचे कोडे उरत नाही. साखळ्या ज्या घरावर उभ्या आहेत तेच ‘त्याच’. चालू ओळ संपल्यावर काय दिसायला हवे हे आधी ठरवले तर सूचना अर्ध्या सोप्या होतात.

कंस, चौकटी कंस आणि तारे यांचे व्याकरण मात्र थोडे रटूनच घ्यावे लागते. ‘पुढच्या टाक्यात २ डीसी’ म्हणजे एकाच घरात दोन खांब, वाढ. ‘पुढच्या २ टाक्यांत डीसी’ म्हणजे दोन घरांत एकेक, वाढ नाही. इंग्रजीत दोन्ही वाक्ये इतकी सारखी दिसतात की थकलेल्या डोळ्यांना फरक जाणवत नाही, आणि माझ्या पाहण्यातल्या चुकांपैकी सर्वांत जास्त याच जागी होतात. कंसातले सगळे एकाच ठिकाणी घालायचे असते तेव्हा कंसानंतर ते ठिकाण येते: ‘पुढच्या टाक्यात’, ‘पुढच्या कमानीत’. कंसानंतर आकडा आला, ‘सहा वेळा’, तर एकूण सहा वेळा. ताऱ्याचे तसे नाही. ‘ताऱ्यापासून पाच वेळा पुन्हा’ म्हणताना एकदा विणून झालेले असते, म्हणून एकूण सहा. ‘आणखी पाच वेळा’ लिहिणारी लेखिका शहाणी. दोन तारे एकत्र दिसले तर ती थांबण्याची खूण असते: शेवटच्या आवर्तनात तिथपर्यंतच विणायचे, पुढचे सोडायचे. ग्रॅनी स्क्वेअरच्या कोपऱ्यांत ही खूण वारंवार येते, कारण चौथा कोपरा फेरीच्या सुरुवातीलाच अर्धा विणलेला असतो.

‘टाक्यात’ आणि ‘कमानीत’ हा भेद बारीक, पण कामाचे रूप बदलणारा. साखळीच्या कमानीखालून सुई घातली तर खांब सैल सरकतात, पंख्यासारखे पसरतात. जलद विणले जाते. साखळीच्या एखाद्या कडीच्या आत सुई घातली तर ते जागचे हलत नाहीत. बहुतेक पॅटर्न ‘साखळी-कमान’ असे स्पष्ट लिहितात. काही लेखिका नुसते ‘सीएच १ मध्ये’ लिहितात आणि विणणारी तासभर त्या चिमुकल्या कडीत सुई खुपसत बसते. शंका आली तर कमान धरावी; क्वचितच चुकते.

टाक्याच्या माथ्यावरची वेणी दोन धाग्यांची असते. काही सांगितले नसेल तर दोन्हींखालून सुई घालायची. ‘बॅक लूप ओन्ली’ म्हणजे आपल्यापासून दूरचा धागा, ‘फ्रंट लूप’ म्हणजे जवळचा. दूर-जवळ हे विणणारीच्या बाजूने मोजायचे, कापडाच्या सुलट-उलट बाजूने नव्हे. ओळीओळीने काम उलटवत मागच्याच धाग्यात विणले तर दोन्ही बाजूंना पन्हाळ्या पडतात आणि कापड लवचीक होते. टोपीच्या पट्ट्या अशाच विणतात. गोल फेरीत, न उलटवता, तोच टाका घातला तर सुलट बाजूवर एक सलग रेघ उरते. टोपलीचा तळ संपून भिंत उभी राहायची तिथे ही रेघ मुद्दाम घेतात. अर्ध्या खांबाला या दोन धाग्यांशिवाय मागच्या अंगाला आडवा तिसरा धागाही असतो. त्यात विणले की वेणी पुढे झुकते आणि कापड दोन सुयांनी विणल्यासारखे दिसते. ‘थर्ड लूप’ वाचून घाबरणारी बाई तो एकदा बोटाने चाचपून बघते तेव्हा तिला हसू येते.

खांबाच्या माथ्यात सुई न घालता त्याच्या दांड्याभोवती फिरवायची, तो पोस्ट स्टिच. फ्रंट पोस्टला सुई समोरून आत, खांबाच्या मागून, पुन्हा समोर. खांब आपल्याकडे उठून येतो. बॅक पोस्टला उलट. गुंता होतो तो काम उलटल्यावर. सुलट ओळीत फ्रंट पोस्टने उठवलेला खांब उलट बाजूने खोल गेलेला दिसतो. तो सुलट बाजूवर उठलेलाच राहावा असे वाटत असेल तर उलट ओळीत त्यावर बॅक पोस्ट घालायला हवा. म्हणून ओळींच्या कामात पॅटर्न फ्रंट आणि बॅक आलटून पालटून सांगतो, तर फेऱ्यांच्या कामात फ्रंटवर फ्रंटच सांगतो. दोन पॅटर्न परस्परविरोधी वाटतात; दोन्ही बरोबर असतात. पुढे वेण्यांचे, म्हणजे केबलचे, टाके येतात: दोन खांब सोडून पुढचे दोन आधी विणायचे, मग सोडलेल्यांकडे परत यायचे. तेव्हा आधी विणलेल्यांच्या समोरून जायचे की मागून, एवढेच वाक्य पॅटर्नमध्ये शोधावे. समोरून आणि मागून यांनी वेणीचा पीळ बदलतो.

आता गुच्छांचे कुटुंब. क्लस्टर, बॉबल, पॉपकॉर्न, पफ. यांच्याबाबत ‘कसा’ हा प्रश्न खरोखरच अवघड आहे, कारण नावांवर एकमत नाही. सर्वसाधारणपणे बॉबल म्हणजे एकाच घरात चार-पाच खांब शेवटच्या वेढ्यापर्यंत अर्धे ठेवून शेवटी सगळे एकत्र ओढणे. पॉपकॉर्न म्हणजे तेवढेच खांब पुरे विणून, लूपातून सुई काढून, ती पहिल्या खांबाच्या माथ्यातून घालून लूप ओढून घेणे. पफ म्हणजे अर्ध्या खांबासारखे उंच सैल वेढे जमवून एका दमात सोडवणे. क्लस्टर मात्र कोणी एकाच घरात घालते, कोणी तीन-चार घरांत पाय ठेवून डोके एक करते, आणि तोच ‘डीसी थ्री टुगेदर’ या नावाने घट म्हणूनही वावरतो. यावर कौन्सिलची यादी, जुने पुस्तक, मैत्रीण यांपैकी कोणाचेही ऐकू नये. पॅटर्नच्या पहिल्या पानावर ‘विशेष टाके’ असा मजकूर असतो. त्या पॅटर्नपुरता तोच कायदा. बहुतेकजणी हे पान ओलांडून थेट पहिल्या ओळीवर उतरतात.

बॉबलबद्दल एक गोष्ट मात्र फार कमी पॅटर्न सांगतात. तो विणणारीपासून दूरच्या बाजूला फुगतो. म्हणूनच बॉबलच्या ओळी बहुतेक वेळा उलट बाजूने विणायला सांगितलेल्या असतात. हे ठाऊक नसेल तर ओळीचा क्रमांक चुकला असे वाटून माणूस एक ओळ घुसडतो आणि पुढची सगळी नक्षी उलटी येते. पॉपकॉर्न त्याच्या उलट, विणणारीकडे फुगतो. उलट ओळीत घालायचा असेल तर सुई मागून पुढे घालून त्याला पलीकडे ढकलावे लागते.

गोल कामात सूचना छोट्या असतात आणि फसवतात. बाहुल्यांच्या पॅटर्नमध्ये मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे धाग्याच्या आवळता येणाऱ्या कडीत, ६ मुके खांब, दुसऱ्या फेरीत १२, तिसऱ्या फेरीत १८, असे दर फेरीला सहा वाढतात. सहाच का, हे पॅटर्न सांगत नाही. मुका खांब जेवढा रुंद तेवढाच साधारण उंच असतो. एक फेरी वाढली की वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते, म्हणून परीघ त्या उंचीच्या सव्वासहा पट वाढायला हवा. म्हणून सहा. खांब साधारण दुप्पट उंच, म्हणून खांबांच्या चकतीत दर फेरीला बारा. हा हिशेब कळला की पॅटर्न हरवला तरी चकती विणता येते. वाढ कमी पडली की वाटी होते, जास्त झाली की झालर.

झालरीची चूक एका गणितज्ञ बाईंनी हेतुपुरस्सर केली. लाटव्हियात जन्मलेल्या डायना टाइमिना यांनी १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठात हायपरबोलिक भूमितीचा पृष्ठभाग क्रोशाने विणला. दर फेरीला ठरावीक संख्येने वाढ न करता ठरावीक प्रमाणात वाढ करायची, दर अमुक टाक्यांमागे एक. टाके गुणाकाराने वाढतात आणि कापड सपाट राहूच शकत नाही; त्याला झुलावे लागते. कागदाच्या नमुन्यांनी जे दाखवताना फाटत असे ते लोकरीने टिकले. २००५ पासून मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी याच तत्त्वावर प्रवाळांचे क्रोशा-बेट विणवून घेतले. नवशिकीने ‘एक सोडून एका टाक्यात वाढ’ ही तिसऱ्या फेरीची सूचना पुढे सगळ्या फेऱ्यांना लावली तर तिच्या हातात हेच प्रवाळ येते. टोपी मात्र होत नाही.

जोडलेल्या फेऱ्यांत आणखी एक फट आहे. फेरी संपली की स्लिप स्टिचने पहिल्या टाक्याला जोडतात. त्या स्लिप स्टिचचे डोके टाक्यासारखेच दिसते, पण तो मोजायचा नसतो. एक साखळी घालून पहिला मुका खांब जोडणीच्याच घरात पडतो. इथे चुकणारी दर फेरीला एक टाका वाढवते आणि शिवण हळूहळू तिरपी सरकते. सलग वळणाच्या, न जोडता विणायच्या कामात मग खुणेचा धागा हवाच. तो पहिल्या टाक्यात लावायचा की शेवटच्या, हे पॅटर्न सांगत नसेल तर पहिल्यात लावावा आणि दर फेरीला हलवावा.

कपड्यांच्या पॅटर्नमधल्या ‘त्याच वेळी’ या दोन शब्दांना वेगळी जागा द्यायला हवी. बाह्यांची घट सांगून झाल्यावर पुढच्या परिच्छेदात येते, ‘त्याच वेळी दहाव्या ओळीला गळा सुरू करा’. तोवर विसावी ओळ झालेली असते. यावर उपाय जुनाच: सुई हातात घेण्याआधी पॅटर्न शेवटपर्यंत वाचणे आणि ओळीवार तक्ता स्वतः लिहून काढणे. कंटाळवाणे आहे. पण गळा उसवण्याइतके नाही.

शब्दांचा हा सगळा जाच चिन्हांच्या आकृतीने पुष्कळ कमी होतो, आणि या बाबतीत जपानी लोक सगळ्यांच्या पुढे आहेत. जपानच्या औद्योगिक मानकांत विणकामाच्या चिन्हांचे स्वतंत्र मानक आहे, त्यामुळे तिकडच्या पुस्तकांत चिन्ह बदलत नाही. साखळीला लंबगोल, स्लिप स्टिचला भरीव टिंब, मुक्या खांबाला फुली, अर्ध्या खांबाला इंग्रजी टी, पूर्ण खांबाला टीवर एक तिरपी रेघ, ट्रेबलला दोन. तिरप्या रेघा म्हणजे सुईवर आधी घेतलेले वेढे. एवढे लक्षात राहिले की यादी पाठ करावी लागत नाही. खांबांच्या गुच्छाचे पाय खाली एका बिंदूत मिळाले असतील तर ते एका टाक्यात, मोकळे असतील तर कमानीत. ज्या ‘कुठे’साठी इंग्रजीला पाच शब्द खर्चावे लागतात तो इथे चित्रातच दिसतो. जपानी अक्षर न वाचता येणाऱ्या कितीतरी जणी या आकृत्यांवरून बिनचूक विणतात.

आपल्याकडच्या बायकांना तरी हे परके का वाटावे? जाळीकामाचे आलेखाच्या कागदावरचे नमुने, मोर, स्वस्तिक, ‘सुस्वागतम’चे तोरण, हे आकृती वाचूनच विणले गेले. फक्त तिथेही एक हिशेब गृहीत धरलेला असतो. दोन साखळ्यांच्या जाळीत एक भरलेला चौकोन म्हणजे चार खांब, पण लगतचे तीन चौकोन म्हणजे बारा खांब नव्हेत, दहा. मधले खांब दोन चौकोनांत सामाईक असतात. पाया घालताना चौकोनांची तिप्पट अधिक एक हे सूत्र यातूनच आले.

आकृतीला मर्यादा आहेत. बाहुलीसारख्या त्रिमितीय कामात ती निरुपयोगी होते, पोस्ट स्टिचची आकडी लहान छपाईत दिसत नाही, आणि डावखुऱ्या विणणारीला ती आरशात धरावी लागते. व्हिडिओ त्या जागी आले. टाका ‘कसा’ घालायचा हे व्हिडिओइतके चांगले काहीच दाखवत नाही. पण चौदाव्या फेरीत मी कुठे आहे, हे व्हिडिओ सांगत नाही. मागेपुढे सरकवत बसावे लागते. शिवाय व्हिडिओ बघून शिकलेल्या बाईला स्वतःचे विणलेले वाचायची सवय लागत नाही. मराठी व्हिडिओंत एकीचा खांब, दुसरीचा डीसी, तिसरीचे दोन्ही एका वाक्यात. हे मला खटकत नाही, जोवर ती सुरुवातीला एकदा टाका सावकाश घालून दाखवते.

यंत्रांना पॅटर्न लिहायला लावण्याचे प्रयोगही झाले. जॅनेल शेन या संशोधक-लेखिकेने भाषेच्या प्रारूपाकडून क्रोशाच्या टोप्यांचे पॅटर्न लिहून घेतले आणि हौशी विणकरांनी ते विणले. वाक्ये बघायला अगदी पॅटर्नसारखी. टोप्यांच्या मात्र झालरींवर झालरी फुटून मेंदूसारखे गोळे झाले. यंत्राला टाक्यांची नावे आणि कंस येत होते, फेरीअखेरचा आकडा सांभाळता येत नव्हता. अलीकडे दुकानांतही असे यंत्रलिखित पॅटर्न शिरले आहेत. त्यांना ओळखायला शैलीपेक्षा बेरीज उपयोगी पडते.

माणसांनी लिहिलेल्या पॅटर्नमध्येही छपाईच्या चुका असतात, आणि चांगल्या लेखिका शुद्धिपत्र देतात. ते आधी शोधावे. ते नसेल तर उसवण्यापूर्वी कागदावर फेरी मोजावी. पाचव्या फेरीत ‘तीन मुके खांब, एक वाढ’ असे सहा वेळा सांगितले असेल तर वाढीचे दोन धरून एका आवर्तनात पाच टाके होतात, सहा आवर्तनांत तीस. आणि चौथ्या फेरीचे चोवीस टाके त्यात पुरेपूर खर्च होतात. कंसात ३० छापले असेल आणि हातात ३१ असतील तर विणणारीने उसवावे. कंसात ३२ छापले असेल तर तीसवर राहून सहावी फेरी सुरू करावी.